उमेदवार आपला, तर खर्चही आपला

(येलदरी, ता. जिंतूर, जि. परभणी येथील कार्यकर्ता बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज कापसाच्या भावावर बोलायचे नाही असे ठरवून आलो आहे. तो विषय निघाला की दिवस मावळतो आणि बाकीचे सगळे राहून जाते. आजचा विषय एकच आहे. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद या निवडणुकांत आपल्यातला कोणी उभा राहिला, तर त्याचा खर्च कोणी करायचा, कसा करायचा आणि त्याचा हिशेब कोणाला द्यायचा? पंचायत समितीच्या प्रत्येक गणात एक निवडणूक निधी समिती नेमावी, असा प्रस्ताव तुमच्यापुढे आहे. चांगला की वाईट ते तुम्ही ठरवा. मी त्याच्या बाजूने बोलणार आहे.

आंदोलनाला जाताना आपण फडक्यात भाकरी बांधून जातो. तिकीट आपले, चटणी आपली, दोन दिवस गुराढोरांकडे बघायला शेजाऱ्याला सांगायचे तेही आपणच. डिसेंबर १९८६ मध्ये सुरेगावला कापूस आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती, जिल्हा वेगळा झाला तो १९९९ साली. त्या दिवशी रस्त्यावर बसलेली माणसे कोणी भाड्याने आणलेली नव्हती. मग पाच वर्षांतून एकदा निवडणूक लागते आणि तीच माणसे दुसऱ्याच्या जीपमध्ये बसतात, दुसऱ्याचे मटण खातात, आणि आपला उमेदवारही दुसऱ्याच्याच पैशावर उभा असतो. हे कसे काय होते?

होते ते असे. समजा गावातला एक बरा माणूस आहे. चार एकर कोरडवाहू, थोडे शिक्षण, तहसिलात जाऊन बोलण्याची हिंमत. लोक म्हणतात, तू उभा राहा. हा उभा राहतो. पहिल्या दिवशी कागदपत्रांचा खर्च, दुसऱ्या दिवशी पत्रके, तिसऱ्या दिवशी गाडी. चौथ्या दिवशी खिसा संपतो, आणि नेमक्या त्याच दिवशी संध्याकाळी कोणीतरी घरी येतो. तो गुत्तेदार असतो, आडत्या असतो, खत-बियाण्याच्या दुकानाचा मालक असतो, नाहीतर व्याजाने पैसे फिरवणारा. तो काही मागत नाही. चहा घेतो आणि म्हणतो, ‘भाऊ, पैशाची काळजी करू नका, तुम्ही निवडून या.’ एवढेच. पुढची पाच वर्षे त्या एका वाक्याची आहेत हे दोघांनाही कळलेले असते.

पांदण रस्त्यावर मुरुमाऐवजी माती पडली तर हा सदस्य बोलणार आहे का? पाण्याच्या टाकीचे बिल काम अर्धे असताना निघाले, तर सही अडवणार आहे का? तो वाईट माणूस आहे म्हणून नाही. त्याच्या डोक्यावर उचल आहे. सालगड्याने वर्षाची उचल आधी घेतली की आखाडात मालकाशी भांडता येत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आता थोडा हिशेब करू. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने सरपंचांचे मानधन दुप्पट केले. दोन हजारांपर्यंत लोकसंख्या असलेल्या गावच्या सरपंचाला महिना ६,००० रुपये, आठ हजारांपर्यंत ८,००० आणि त्यापुढे १०,०००. लहान गावचा सरपंच धरा. महिन्याला सहा हजार म्हणजे पाच वर्षांचे, साठ महिन्यांचे, तीन लाख साठ हजार. त्यातून एक पैसाही घरी न नेता सगळे मानधन त्याने निवडणुकीच्या कर्जाला लावले, तरी तीन लाख साठ हजार. तुमच्या आसपासच्या गावांत सरपंचकीला किती लागले ते तुम्ही कट्ट्यावर बसून एकमेकांना सांगताच. तो आकडा आणि हा आकडा शेजारी मांडा. मधली तूट कोठून भरून निघते?

ती गावाच्या पैशातून भरून निघते. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ८० टक्के वाटा आपल्या राज्यात ग्रामपंचायतींना ठरला, १० टक्के पंचायत समित्यांना आणि १० टक्के जिल्हा परिषदांना. म्हणजे गटार, दिवाबत्ती, शाळेची खोली, प्यायचे पाणी यांचा पैसा थेट गावात येतो. ज्याने निवडणुकीत पैसा पेरला तो रास करायला खळ्यावर येणारच.

नाशिक जिल्ह्यात देवळा तालुक्यात उमराणे नावाचे गाव आहे. कांद्याची मोठी बाजारपेठ. जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीआधी तेथे सरपंचपदाचा चक्क लिलाव झाला. बोली दोन कोटी पाच लाखांवर थांबली. नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीत बोली बेचाळीस लाखांवर गेली. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांची निवडणूक रद्द केली. तेव्हा पुष्कळांनी युक्तिवाद केला की पैसा मंदिराच्या बांधकामाला जाणार होता, कोणाच्या खिशात नव्हे, मग बिघडले काय? बिघडले ते असे, की ज्याच्या घरी दोन कोटी नाहीत त्याचा उमेदवारीचा हक्क त्या दिवशी चावडीवर विकला गेला. आणि माझे म्हणणे असे आहे की उमराण्यात जे एका सभेत उघड झाले तेच आपल्याकडे पंधरा दिवसांत, घरोघर, गुपचूप होते. आपण बोली ऐकत नाही, एवढाच काय तो फरक.

कायदा काय म्हणतो?

कायद्याच्या हिशेबाने ही निवडणूक गरिबालाही परवडणारी आहे. ग्रामपंचायत सदस्याला अनामत ५०० रुपये, राखीव प्रवर्गाला १००. खर्चालाही मर्यादा आहे. राज्य निवडणूक आयोगाने २०१७ साली ठरवलेला तक्ता असा होता: सात ते नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत सदस्याने २५,००० आणि थेट सरपंचाने ५०,००० च्या आत खर्च करायचा. पंधरा-सतरा सदस्यांच्या मोठ्या गावात सदस्याला ५०,००० आणि सरपंचाला एक लाख पंचाहत्तर हजार. त्याच वर्षी परभणी जिल्हा परिषदेचे ५४ गट होते. पन्नास ते साठ गटांच्या जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या उमेदवाराला चार लाख आणि पंचायत समितीच्या उमेदवाराला तीन लाख अशी मर्यादा होती. हे आकडे आयोग वेळोवेळी वाढवतो. म्हणून अर्ज भरण्याच्या दिवशी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडून चालू आकडा लेखी घ्यायचा, ऐकीव आकड्यावर जायचे नाही.

निकालानंतर तीस दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. योग्य कारणाशिवाय दिला नाही तर आयोग पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतो. जिंकलेल्याचे पद जाते आणि हरलेल्याला पुढच्या वेळी उभे राहता येत नाही. यात सापडतात कोण? लाखोंनी उधळणारे सापडत नाहीत, त्यांच्याकडे कागद करणारा माणूस असतो. सापडतो तो आपला साधा उमेदवार, ज्याने खर्च केला सोळा हजार आणि पावती ठेवली नाही एकाही पैशाची.

मोठ्या निवडणुकांत या मर्यादेचे काय केले तेही ऐका. १९७४ साली कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराच्याच खात्यात धरला पाहिजे. निकाल लागला आणि त्याच महिन्यात सरकारने वटहुकूम काढून तो निष्प्रभ केला. पक्षाने, मित्राने केलेला खर्च मोजायचा नाही! ही पळवाट बरीचशी बंद व्हायला २००३ साल उजाडावे लागले. मग २०१८ साली निवडणूक रोखे आले. कोणी कोणाला किती दिले ते मतदाराला कळूच नये अशी त्यांची रचना होती. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. सरकारी तिजोरीतून उमेदवारांना मदत द्यावी अशा शिफारशीही झाल्या. १९९८ ची इंद्रजित गुप्ता समिती तेच सांगत होती, तेही मान्यताप्राप्त पक्षांपुरते आणि वस्तुरूपाने. जिंतूर तालुक्यातल्या ग्रामपंचायतीच्या उमेदवाराला त्यातले काही मिळेल म्हणून वाट बघत बसाल तर नातवंडांची लग्ने होतील.

कोरडवाहू माणसाला हे जमेल का?

हा खरा प्रश्न आहे. मला गावागावांत हाच विचारला जातो. धरण आपल्या उशाला, पूर्णेच्या पाण्यावर येथे वीज तयार होते, आणि आपला कापूस अन् ज्वारी मात्र पावसाकडे डोळे लावून. बोंडअळीने खाल्ले, परतीच्या पावसाने भिजवले, उरले ते आडतीवर गेले. त्यात ही आणखी एक वर्गणी?

त्याला माझे पहिले उत्तर असे की समिती कशी चालवायची हे आपल्या गावांना कोणी शिकवायचे कारण नाही. हरिनाम सप्ताहाची पट्टी कोण काढतो? उंबऱ्यामागे ठरलेले पैसे, नसतील तर पायली-दोन पायली ज्वारी. काल्याच्या दिवशी मांडवात हिशेब वाचला जातो. तेलाचे किती, गुळाचे किती, महाराजांच्या बिदागीचे किती. एखाद्याने पाच किलो साखर जास्त दाखवली तर बायका तेथल्या तेथे बोलतात. हीच पद्धत आपल्याला उचलायची आहे. आणि महाराष्ट्रात हे नवीन तर मुळीच नाही. शंभरावर वर्षांपूर्वी अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत गावोगाव हिंडून पैसा फंड उभा केला. त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाडेला काचेचा कारखाना निघाला.

निवडणुकीतही हे झालेले आहे. कोल्हापूरकडे राजू शेट्टी २००२ साली जिल्हा परिषदेवर, २००४ साली शिरोळमधून विधानसभेवर आणि २००९ साली हातकणंगल्यातून लोकसभेवर गेले. ‘एक व्होट, एक नोट’ म्हणून त्या निवडणुका गाजल्या, उसाच्या शेतकऱ्यांनी मताबरोबर नोटही दिली. २०१४ ला ते पुन्हा जिंकले, २०१९ ला हरले. त्यांच्या राजकारणाबद्दल तुमचे-माझे मत काही असो, घरचा पैसा नसलेला माणूस लोकांच्या नोटांवर दिल्लीपर्यंत जाऊ शकतो एवढे त्यावरून दिसते. लोकांचा पैसा म्हणजे विजयाची हमी नव्हे, हेही त्यातच दिसते.

तुम्ही म्हणाल, ते उसाचे बागायतदार. बरे, मग कोरडवाहूचे उदाहरण घ्या, ते मात्र लांबचे आहे. अमेरिकेत उत्तर डाकोटा नावाचे राज्य आहे. पावसावरचा गहू, कडाक्याची थंडी, आणि मालाची प्रत ठरवणार मिनियापोलिसचा व्यापारी. गव्हाला कोंडा म्हणून भाव पाडायचा आणि पुढे चांगला गहू म्हणून विकायचा. कापसाच्या ग्रेडची आठवण झाली ना? १९१५ साली आर्थर टाउनली नावाच्या, शेतीत बुडालेल्या माणसाने तेथे नॉनपार्टिझन लीग सुरू केली. शेतकऱ्याकडून वर्गणी घ्यायची, आधी सहा आणि पुढे नऊ डॉलर. हातात रोख नाही? मग सुगीनंतरच्या तारखेचा धनादेश लिहून दे. त्या पैशातून फोर्ड गाड्या घेतल्या, कार्यकर्ते शेतोशेत फिरले, आणि १९१६ साली लिन फ्रेझियर नावाचा शेतकरी राज्याचा गव्हर्नर झाला. १९१९ साली त्यांनी राज्याच्या मालकीची बँक काढली, पुढे १९२२ ला सरकारी पिठाची गिरणी. दोन्ही अजून चालू आहेत.

येथपर्यंतची गोष्ट कार्यकर्ते हौसेने सांगतात. पुढची सांगत नाहीत, म्हणून ती मी सांगतो. लीगच्या पैशाचा कारभार टाउनली आणि त्याच्या दोन-चार माणसांच्या हातात राहिला. सभासदाने धनादेश द्यायचा, हिशेब विचारायचा नाही. शिवाय हातात असलेल्या पुढच्या तारखेच्या धनादेशांवर फार्गोच्या एका बँकेतून कर्जे उचलली गेली. १९१९ साली राज्याच्या अधिकाऱ्यांनी त्या बँकेला कुलूप लावले. न्यायालयाने ते उघडले खरे, पण विरोधकांना हवे ते मिळाले. १९२१ साली मतदारांनी फ्रेझियरला मुदतीआधीच परत बोलावले. कारणे आणखीही होती, युद्धानंतर गव्हाचे भाव कोसळले होते. तरी माझ्या समजुतीप्रमाणे शेतकऱ्यांनी पैसा दिला तो पुरला आणि हिशेब मिळाला नाही तो नडला.

समिती कशी असावी

म्हणून आपल्या समितीचे नियम कडक असले पाहिजेत. समितीत पाच माणसे. त्यात निदान दोन बाया, आणि त्यातली एक बचत गटाचे दप्तर लिहिलेली. पाचही एका भावकीतली नसावीत. गुत्तेदारी करणारा, आडत चालवणारा, खत-औषधाचा परवाना असणारा समितीत नको. मित्र असला तरी नको. आणि जो समितीत बसला त्याने त्या निवडणुकीत उभे राहायचे नाही, त्याच्या घरच्यानेही नाही.

बँकेत खाते तिघांच्या नावे, दोन सह्यांशिवाय पैसा निघू नये. उंबऱ्यामागे पन्नास रुपये धरा. चारशे उंबऱ्यांच्या गावात निम्म्यांनी दिले तरी दहा हजार होतात. ग्रामपंचायतीच्या सदस्याला पत्रके, भोंगा, मतदार यादीच्या प्रती, मतदान केंद्रावरच्या पोरांचा चहा याला ते पुरतात. मी पुरतात म्हणतो ते दारू आणि मटण सोडून. गटाच्या निवडणुकीला जास्त लागेल, तेथे वीस-बावीस गावे जोडावी लागतील. रोख नसेल त्याने ज्वारी द्यावी. पायली मोजून घ्या, त्या दिवशीच्या भावाने किंमत लावा आणि पावतीवर ती लिहा. कापूस घेऊ नका. सरकीचा ओलावा कोणाच्या नावावर टाकायचा यावरून पहिल्याच महिन्यात भांडण होईल.

एका घरातून जास्तीत जास्त किती? मी पाचशे सुचवतो. कोणी म्हणेल, एखादा सज्जन पाच हजार देत असेल तर का नाकारायचे? नाकारायचे, कारण पाच हजार देणाऱ्याचे तोंड आणि पन्नास देणाऱ्याचे तोंड सदस्याला सारखे दिसत नाही. आणि डाकोटाचा धडा लक्षात ठेवा. कबूल केलेला पैसा वहीत लिहा, पण खर्चायचा तो खात्यात जमा झालेलाच.

आता नावांचा मुद्दा. यावर गेल्या बैठकीत बरेच गरमागरम झाले. एक बाजू म्हणते, देणाऱ्या प्रत्येकाचे नाव फलकावर लावा, सगळे उघड असू द्या. ऐकायला छान वाटते. पण आपला उमेदवार पडला तर? सोसायटीचे पीककर्ज, घरकुलाची यादी, रोजगार हमीचे हजेरीपत्रक, सगळे जिंकलेल्याच्या हाती. पन्नास रुपये दिलेल्या विधवेचे नाव फलकावर लावून आपण तिला कोणाच्या तोंडी देतो आहोत? दुसरी बाजू म्हणते, एकही नाव उघड नको. मग निवडणूक रोख्यांनी काय वाईट केले होते? माझे मत असे: शंभरापर्यंत देणाऱ्याचे नाव फक्त पावतीपुस्तकात राहील, आणि ते पुस्तक वर्गणीदाराने मागितले तर समितीसमोर बसून बघता येईल. शंभराच्या वर देणाऱ्याची नावे बैठकीत मोठ्याने वाचायची. लहानाला सांभाळायचे, मोठ्याला उजेडात ठेवायचे. रोख्यांत याच्या उलटे होते. सगळ्यांना हे पटणार नाही, मला ठाऊक आहे.

उमेदवाराच्या हातात रोख द्यायची नाही. निवडणुकीसाठी त्याचे वेगळे बँक खाते असावे, पैसा तेथे हप्त्याने जावा, मागच्या हप्त्याच्या पावत्या आल्याशिवाय पुढचा नाही. आणि हे नीट ऐका: उमेदवाराच्या लेखी संमतीशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च करणे हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम १७६, दंड दहा हजारांपर्यंत. पूर्वी भारतीय दंड विधानात हेच कलम होते, तेव्हा दंड पाचशे होता. म्हणून समितीने पहिला रुपया खर्चण्याआधी उमेदवाराची सही असलेले पत्र घ्यायचे आणि समितीचा प्रत्येक पैसा त्याच्या हिशेबात दाखवायचा. मत विकत घेणे आणि मत विकणे दोन्ही लाचेचा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पंगतीला कैद नाही, पण दंड आहे. समितीच्या पैशातून एकही बाटली, एकही बोकड निघाला तर समिती त्याच दिवशी मोडायची.

बायकांबद्दल वेगळे बोलले पाहिजे. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. त्याआधी, आरक्षणाचा कायदाही नव्हता तेव्हा, नोव्हेंबर १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर शेतकरी बायांनी पंचायत राज्याच्या निवडणुका लढवायचा विचार धरला होता, आणि १९८९ साली जळगाव जिल्ह्यात विटनेरला बायांचे सगळे पॅनेल निवडून आले. आज जागा निम्म्या झाल्या, पण पैसा कोणाच्या हातात? नवऱ्याच्या, दिराच्या. गुत्तेदार चहा प्यायला येतो तो ओसरीवर, ती चुलीपाशी. तिच्या नावावर कोणी किती घेतले हे तिला निवडून आल्यावर कळते, सह्या करायची वेळ येते तेव्हा. म्हणून बाई उमेदवार असेल तर खाते तिचे, सही तिची, आणि हिशेब बैठकीत तीच वाचेल. वाचता येत नसेल तर समितीतली बाई तिच्या शेजारी बसून वाचेल. पण सरपंचपती म्हणून मिरवणाऱ्याच्या हातात समितीचा पैसा जाणार नाही.

उमेदवाराने काय कबूल करायचे? तीनच गोष्टी. जेवढा पैसा समितीचा, तेवढाच स्वतःचा किंवा त्याहून कमी घालायचा आणि तो किती हे आधी सांगायचे. बाहेरून कोणाचाही एक रुपया घ्यायचा नाही. निवडून आल्यावर तीन महिन्यांतून एकदा बैठकीला येऊन कोणते काम कोणाला दिले ते सांगायचे. याबदल्यात आपणही काही कबूल करायचे आहे. पन्नास रुपये दिले म्हणून माझे घरकुल आधी, माझ्या पोराला शाळेत खिचडीचे काम, असे म्हणत कोणी त्याच्या दारात गेला तर आपण गुत्तेदाराहून वेगळे राहिलो नाही, फक्त स्वस्त गुत्तेदार झालो.

एक गोष्ट बहुतेक प्रस्तावांत राहून जाते. निवडून आल्यावरही खर्च असतो. सदस्य परभणीला गेला तर एस.टी., जेवण. माहिती अधिकारात अर्ज केला तर दहा रुपये, प्रतीला पानामागे दोन रुपये. एका रस्त्याच्या मोजमाप पुस्तिकेच्या प्रती मागितल्या तर दोनशे रुपये सहज जातात. हा खर्च तो कोठून करेल? येथेच पुन्हा तो चहा पिणारा येतो. म्हणून जमलेल्या निधीतला चौथा हिस्सा निवडणुकीत खर्चायचाच नाही, तो निकालानंतरच्या पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवायचा. उमेदवार पडला तरी तो हिस्सा समितीकडे राहील आणि तेच अर्ज समिती करेल. अर्ज करायला निवडून यावे लागत नाही.

घाई कशाला, निवडणूक लागली की बघू, असे म्हणू नका. निवडणुकीची तारीख आपल्या हातात नाही. २०१७ साली निवडून आलेल्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. निवडणुका घ्या असे सर्वोच्च न्यायालयाला ६ मे २०२५ रोजी सांगावे लागले. तारीख जाहीर झाल्यावर हातात तीन आठवडे असतात. तीन आठवड्यांत पावतीपुस्तक छापून होत नाही, मग पैसा कोठला जमणार! समिती कायमची हवी. वर्गणीची वेळ आपल्या सोयीची हवी, म्हणजे कापसाची दुसरी वेचणी विकल्यावर आणि ज्वारीचे खळे झाल्यावर. मृगात कोणाच्या दारात वर्गणीला जाऊ नका, तेव्हा बियाण्याला पैसे नसतात.

आता या बैठकीत तीन गोष्टी व्हायच्या आहेत. प्रत्येक गणातून पाच नावे सुचवा. नाव सुचवताना त्याच्या धंद्याची चौकशी मोकळेपणाने करा, राग मानू नका. उंबऱ्यामागे पन्नास की तीस, यावर हात वर करून ठरवू. आणि शंभराच्या वरची नावे वाचायची की नाही यावर ज्यांचे वेगळे म्हणणे आहे त्यांनी आधी बोलावे, मायबहिणींनी पहिल्यांदा.